साखळीच्या टोकाचा माणूस

ये नागसेन, जय भीम. त्या खुर्चीवर बस. उन्हाळ्यात घरातली हीच एक जागा बरी, खाली पाण्याचा हौद हाय ना, फरशी गार लागती पायाला. जालन्यात घर बांधायचं म्हंजे आधी हौद बांधावा लागतो बाबा, नळ आठ-आठ दिवस तोंड दाखवत न्हाई. मॅडम आत हायत. चहा टाकून राह्यल्या.

तुझं काम मला फोनवरच समजलं. केदारखेड्याच्या पुढं, त्या जुन्या गटात तुमच्या नव्या मोजणीच्या ड्रोनच्या फोटोत एक चौकोनी खड्डा दिसून राह्यला. आणि माझ्या सहीच्या नकाशात तिथं नुसता पोटखराबा लिहेला हाय, पीक न येणारी जमीन. तुला माझ्याकडून लेखी पाहिजे, की ती बारव, पायऱ्यांची विहीर, जुनी हाय आणि माझ्याकडून राहून गेली. देतो. बिलकुल देतो. पण आधी ऐकून घे. किती वाजले? अकरा चाळीस. बराबर हाय, वेळ हाय आपल्याकडं.

सदतीस वर्षं या जिल्ह्याची जमीन मोजली मी. माझी मोजणी चुकली असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. रिटायर झालो तरी सवय जात न्हाई. लग्नाच्या हॉलात गेलो तरी पावलं टाकत त्याची लांबी काढतो, मॅडम डोक्याला हात लावतात. भुताखेतावर माझा विश्वास न्हाई, तिचा तर मुळीच न्हाई. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो हाय, बुद्धवंदना हाय, लिंबू-मिरची न्हाई. हे आधीच सांगून ठेवतो, म्हंजे मधीच म्हातारा सटकला असं म्हणू नको.

मार्चच्या शेवटी आम्ही फिरायला निघालो. बेत मॅडमचा, म्हंजे माझ्या बायकोचा, सत्यशीलाचा. हेडमास्तरीण म्हणून रिटायर झाली, चौथीच्या पोरांना तीस वर्षं इतिहास शिकवला, आणि एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणली, "अहो, दुनियेचा इतिहास सांगितला मी, पण आपल्या जिल्ह्यातलं एक लेणं पाह्यलं न्हाई." मी म्हणलं चला. आपली गाडी हाय, पेन्शन हाय, घाई कुणाला हाय? तीन दिवस, सकाळी निघायचं, सांजच्याला घरी.

पहिल्या दिवशी अंबडला गेल्तो. मत्स्योदरीची टेकडी पाह्यली, मंग अंकुशनगरच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरांमागं गोगलगायीसारखे चाललो. मधीच ही ओरडली, "थांबवा!" मला वाटलं कुणाला धक्काच लागला. तर रस्त्याकडंला एक वीरगळ, लढाईत मेलेल्या कुण्या जुन्या वीराचा दगड, आणि त्याच्यावर एक बाई धुणं आपटून राह्यली. मॅडमनी तिला तिथंच खाली बसवून सगळा तास घेतला. बाई शांतपणे म्हणली, "असंल बाई, तुम्ही शिकेल माणसं. पण मळ बरा निघतो याच्यावर." अशी आमची ट्रिप. जिथं दगड तिथं मुक्काम. हिच्या हातात एक निळी नोटवही, प्रत्येक जागेचं नाव, वेळ, काय पाह्यलं ते लिहायची. आणि जुनं काही असलं, देऊळ असो, लेणं असो, नुसती पायरी असो, चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाय टाकायची न्हाई. म्हणायची, "ज्यानं घडवलं त्याच्या हाताचा मान हाय तो."

आता एक गोष्ट तुला समजून घ्यावी लागंल, तू ड्रोनवाला हायस म्हणून. आमच्या वेळी लोखंडी साखळी होती. तेहतीस फुटाची. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला साखळीवाला. उभी ज्वारी असली, झाडी असली, तर समोरचा माणूस दिसतच न्हाई. मंग मी ओरडायचो, "हाय का?" तिकडून तो ओरडायचा, "हाय!" तेव्हाच माप धरायचं. आणि आमचे उस्ताद काकासाहेब, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांचा एकच कायदा होता: काम संपलं की पैलं माणूस, मंग साखळी. म्हंजे टोकाचा माणूस आपल्याजवळ येऊन उभा राह्यला, डोळ्यानं पाह्यला, की मंगच साखळी गुंडाळायची.

ही हाक मी घरी आणली. बाजारात, यात्रेत सत्यशीला पुढं निघून गेली की मी मागून ओरडायचो, "हाय का?" आणि ती वळूनसुद्धा न पाहता, "हाय!" चाळीस वर्षांत एकदाही तिचं उत्तर चुकलं न्हाई. भांडण झालेलं असलं तरी. अबोला असला तरी तेवढा एक शब्द मला मिळायचा.

दुसऱ्या दिवशी भोकरदनला निघालो. हिचं सगळं लक्ष तिथल्या लेण्यावर. राजूर येईपर्यंत मला सांगून राह्यली, की भोकरदन म्हंजे जुनं भोगवर्धन, इथल्या माणसांनी सांचीच्या स्तुपाला दान दिलं, त्यांची नावं तिथं दगडात कोरेल हायत. "विचार करा," म्हणली, "इथून सांची! बैलगाडीत!" मी म्हणलं, "आणि तुम्ही राजूरपर्यंत तीनदा चहाला थांबल्या." हसली. ती हसली तशी मंग परत कधी... जाऊ दे, सांगतो.

केदारखेडा मागं पडलं आणि तीन-चार किलोमीटरवर ही परत ओरडली, "थांबवा!" बांधाजवळ एक कोरीव दगड पडेल होता. कमळ कोरेलं, अर्धं मातीत. तिनं उतरून पाह्यलं आणि म्हणली, "हा बारवेचा दगड हाय. बारव इथंच जवळ असंल."

मी म्हणलं, "इथं बारव न्हाई."

"तुम्हाला काय माहीत?"

"हा गट मी मोजेला हाय. एकोणनव्वद साली. नकाशात बारव न्हाई."

तर ही कमरेवर हात ठेवून म्हणती, "तुमच्या नकाशात नसली तर जमिनीनं पण ठेवायची न्हाई का?"

मी गप्प बसलो. का गप्प बसलो ते आता तुला सांगतो. आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई, सत्यशीलालाही न्हाई.

एकोणनव्वद साली त्या गटावर माझा साखळीवाला होता रामप्रसाद. अंबडकडचा, बडबड्या, बिडी एवढी ओढायचा की झाडीतसुद्धा धुरावरून सापडायचा. बाभळीची आणि वेड्या बाभळीची दाट झाडी होती मधी. दुपारचे बारा वाजून गेल्ते. तो टोक घेऊन आत शिरला. मी ओरडलो, "हाय का?" "हाय!" दुसऱ्यांदा "हाय!" तिसऱ्यांदा पण "हाय!" पण साखळी पुढं सरकंना. आवाज तेवढ्याच लांबून, आणि थोडा खालून. मला एसटी गाठायची होती. मी साखळी ओढली आणि गुंडाळायला सुरुवात केली. माणूस आला न्हाई, साखळी आधी आली. गुंडाळून होते तोच रामप्रसाद झाडीच्या पलीकडच्या बाजूनं चालत आला. मी विचारलं, आत काय हाय? म्हणला, "आत काही न्हाई. खराबा लिहा. चला." मी लिहिला. न पाहता, दुसऱ्याच्या तोंडच्या बोलीवर लिहिला. सदतीस वर्षांत एकदाच. घामाचा एक थेंब न्हवता त्याच्या अंगावर, हे मला एसटीत बसल्यावर ध्यानात आलं. आणि त्यानं बिडी पेटवली न्हाई.

पंधरा दिवसांनी त्याची बायको उषाबाई ऑफिसात आली. मला बाजूला घेऊन म्हणली, "साहेब, हा माणूस माझा न्हाई. खातो, पितो, कामाला जातो. पण दुपारच्याला तुम्ही मारता तशी मी हाक मारली ना, तर हा गप बसतो, आणि 'हाय' रांजणातून येतं. पाण्याच्या रांजणातून. माझा माणूस तिथं हाय, साहेब. तुम्ही त्याला कुठं सोडलं?"

मी काय केलं असंल? हसलो. तिला डॉक्टरचा पत्ता दिला. परत आली, परत हसलो. तिसऱ्यांदा आली तेव्हा ती रडली पण न्हाई. म्हणली, आवाज बारीक होत होत परवा बंद झाला. तीन महिने भरले होते. आणि ज्या दुपारी आवाज बंद झाला त्याच दुपारी घरातला रामप्रसाद ताटावरून उठून चालायला लागला, तो परत आला न्हाई. लोक म्हणले, सुरतेला पळाला असंल. मीही तेच म्हणलं.

आता समजलं मी गप्प का होतो?

तर सत्यशीला बांधावरून पुढं निघाली पण. झाडी आता निम्मीसुद्धा राह्यली न्हाई, कुणीतरी तोडून नेली. आणि साठ-सत्तर पावलांवर बारव. नागसेन, एवढी सुंदर बारव मी पाह्यली न्हाई. तीन बाजूंनी पायऱ्या, कोनाडे, कोपऱ्यात कमळं. खाली हिरवं पाणी, हलत न्हाई. एक गोष्ट मात्र मला खटकली. बारव म्हणलं की पारवे असतात, घुमत असतात. इथं एक न्हाई. बाहेर होला पक्षी ओरडत होता, तोही काठाजवळ आल्यावर ऐकू येईना. ऊन डोक्यावर, आणि बारवेतून वर गार वास, शेवाळाचा आणि त्याच्याखाली आणखी कसलातरी... बंद खोलीत भिजलेली कापडं ठेवल्यावर येतो तसा.

मी म्हणलं, "उतरू नको. पायऱ्या निसरड्या हायत."

"गुडघे तुमचे दुखतात का माझे?" म्हणली. चपला काढून वरच्या पायरीवर ठेवल्या, नीट, जोडीनं. नोटवही काखंत घेतली आणि एक एक पायरी टेकत उतरली. मला खरं सांगायचं होतं तिला. शब्द तोंडात आल्ता. पण चाळीस वर्षं ज्या बाईसमोर मी कधी न चुकणारा म्हणून मिरवलो, तिला काय सांगू, की मी न पाहता सही केली? लाज वाटली रे. एवढ्याशा लाजेनं घात केला.

खाली वळणावर ती दिसेनाशी झाली. मी घड्याळ पाह्यलं. बारा वीस.

"हाय का?"

"हाय!" वरच्यासारखाच खणखणीत.

थोडं थांबलो. "हाय का?"

"हाय!" तेवढ्याच लांबून.

तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा माझाच आवाज मला ओळखू आला न्हाई. "सत्यशीला... हाय का?"

"हाय..." आणि मंग, हळूच, "अहो, नोटवही पाण्यात पडली. जरा हात द्या ना..."

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. शप्पथ सांगतो, ठेवला होता. तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला.

सत्यशीला मागं उभी होती.

"पलीकडच्या पायऱ्यांनी वर आले मी," म्हणली. "आत काही न्हाई. चला."

मी खाली पाह्यलं, तिच्याकडं पाह्यलं. तीच साडी, तोच चष्मा, कपाळावर तोच लहानपणीचा वण. हातात नोटवही न्हाई. खालून परत आवाज आला, जरा रडवेला, "अहो... ऐकलं का?" तिनंही ऐकला तो. तोंडावर काही हललं न्हाई. म्हणली, "आपल्याला काय करायचं? चला, ऊन लागून राह्यलं." आणि ऊन तर तिला लागतच न्हवतं. तापेल मातीवर अनवाणी चालत निघाली, माझ्या बुटातून चटका लागत होता एवढी तापेल माती, आणि ही सावकाश, पाय दाबून. मी म्हणलं, "चपला?" म्हणली, "राहू द्या."

नागसेन, मी डोळ्यानं पाह्यलेलं खरं मानणारा माणूस. बायको समोर दिसून राह्यली, मंग आवाज म्हंजे घुमणं असंल, असं मी ठरवलं. पक्कं ठरवलं. गाडीत बसलो, किल्ली फिरवली, निघालो. पैलं माणूस, मंग साखळी... आणि मी दुसऱ्यांदा साखळी गुंडाळून आलो. मागून किती वेळ आवाज येत होता ते मला माहीत न्हाई, मी काचा वर केल्त्या.

भोकरदनचं लेणं पाह्यलं न्हाई. तिनं विचारलंसुद्धा न्हाई. ज्या लेण्यासाठी ती महिनाभर नाचत होती.

तेव्हापासून ही घरात हाय. वाईट म्हणणार न्हाई मी. वेळेवर जेवायला वाढती. गुडघे दुखायचे थांबले. साक्षी, आमची पोरगी, पुण्याहून व्हिडिओ कॉल करती, म्हणती आई किती बरी दिसून राह्यली. इतिहासाचं एक पुस्तक उघडलं न्हाई हिनं. माझ्यावर चिडली न्हाई एकदाही. चाळीस वर्षांत सत्यशीला माझ्यावर चिडली न्हाई असा आठवडा गेला न्हाई, आणि मला आता त्या चिडण्याची एवढी आठवण येती की रात्री उशी तोंडात धरून रडतो.

आणि दुपारी बारा वीसला मी हाक मारतो. रोज. ही समोर उभी राहती, माझ्याकडं पाहती, ओठ मिटेल. आणि उत्तर येतं. कुठून येतं ते मला... मला वाटतं मला माहीत हाय, पण मी म्हातारा हाय, अपराधी हाय, माझ्या कानावर माझाच भरवसा न्हाई राह्यला. दोनदा केदारखेड्यापर्यंत जाऊन आलो. तिथून पुढं जात न्हाई, गाडी मागं वळवतो. कबूल करतो, भ्यालो. उषाबाईला हसणारा मी.

पण आता उशीर करता येत न्हाई. अडीच महिने होऊन गेले. आवाज रोज बारीक होऊन राह्यला. परवा अर्धाच शब्द आला. काल तर नुसता श्वासासारखा. तीन महिने भरायला बारा दिवस राह्यले, मी मोजून राह्यलो, आणि माझी मोजणी तुला माहीत हाय.

म्हणून तुला आजच ये म्हणलं, आणि बाराच्या आधी. तो कागद मी लिहून ठेवेला हाय, टेबलावर, सहीसकट. बारव जुनी हाय, मी न पाहता खराबा लिहिला, रामप्रसाद तिथं राह्यला, सगळं लिहेलं हाय. पण त्याच्याआधी मला एक साक्षीदार पाहिजे. तुझे कान जवान हायत. तू हिला आधी कधी पाह्यलेलं न्हाई, तुला कुणाची बाजू घ्यायची न्हाई.

बारा एकोणीस झाले. चहाचं राहू दे आता. आत भांड्यांचा आवाज येतो ना? बराबर, मॅडम आतच हायत. मी आता हाक मारतो. तू फक्त सांग, उत्तर कुठून आलं. स्वयंपाकघरातून आलं, तर मी खुळा झालो, उद्या साक्षीला बोलावतो आणि डॉक्टरकडं जातो, राजीखुशीनं जातो. पण दुसरीकडून आलं तर गाडीत शंभर फुटी दोर हाय, नवा हाय, टॉर्च हाय. आपुन दोघं आत्ताच निघू. दोर तू वर धर, मी उतरतो. या वेळेला माणूस घेतल्याशिवाय मी वर येत न्हाई.

गप बस आता. हलू नको.

सत्यशीला... हाय का?

...

ऐकलं ना? ऐकलं तू, तुझं तोंडच सांगून राह्यलं. मंग बोल ना बाबा, कुठून आलं?

स्वयंपाकघर तर तुझ्या पाठीमागं हाय, नागसेन. मंग तू फरशीवरून पाय कशाला वर घेतले?